दिव्यावरच्या नोटा

जुलै २०२५ मध्ये जेद्दाहला फिलिपिन्सच्या कार्लो बियाडोने फेडोर गोर्स्टला १५-१३ असे हरवून पूलचे जागतिक अजिंक्यपद दुसऱ्यांदा पटकावले आणि अडीच लाख डॉलर खिशात घातले. दोनच वर्षांपूर्वी पोलंडमध्ये हेच विजेतेपद ६० हजार डॉलरचे होते. मधल्या काळात टेबल नऊ फुटांचेच राहिले आणि रंगीत चेंडूही नऊच. बदलला तो पैसे देणारा. स्पर्धेचे यजमानपद आता सौदी अरेबियाकडे आहे, तेही दहा वर्षांच्या कराराने. पिढ्यान्‌पिढ्या ज्या खेळाला जुगाऱ्यांनी पोसले, त्याच्या अजिंक्यपदाला आजवरची सर्वांत मोठी रक्कम दिली ती जुगार हाच गुन्हा मानणाऱ्या देशाने!

पूल आता 'सुधारला', जुगाऱ्यांच्या तावडीतून सुटला, असे अशा वेळी कोणालाही वाटेल. ते अर्धेच खरे आहे. जुगाऱ्याने या खेळाची नियत बिघडवली, हे कबूल. पण खेळाडूचे पैसे बुडवण्यात, लटकवण्यात, 'पुढच्या महिन्यात देतो' म्हणण्यात सुटाबुटातले आयोजक त्याच्या कितीतरी पुढे होते. हा हिशेब मांडल्याशिवाय जेद्दाहच्या धनादेशाकडे नीट पाहता येणार नाही.

अमेरिकेतल्या पूलच्या दुनियेत खेळाडूवर पैसे लावणाऱ्याला 'स्टेकहॉर्स' म्हणतात. आपल्याकडे त्याला शेठ म्हणतील. व्यवहार बहुधा तोंडी असतो. रक्कम शेठची, हात खेळाडूचा. जिंकले तर निम्मे-निम्मे, हरले तर सगळा भुर्दंड शेठच्या माथी. जोडी बराच काळ टिकली, तर मागची तूट आधी भरून काढायची आणि मगच वाटणी करायची, असाही रिवाज आहे. गाडीचे पेट्रोल, मोटेलची खोली, जेवण हे शेठच्या खात्यावर. स्वतःच्या जोरावर उभे राहायला खेळाडूकडे काही नसते, कारण प्रवेशशुल्क शेकडो डॉलर, मोठ्या स्पर्धेत तर हजाराच्या घरात, आणि पहिल्या दोन फेऱ्यांत गारद झाला तर हाती भोपळा.

पैशाची मॅच प्रत्यक्ष कशी ठरते, हे पाहण्यासारखे आहे. रात्र चढल्यावर हॉलमधल्या मागच्या टेबलाभोवती घोळका जमतो. खेळापेक्षा आधीची घासाघीसच लांबते. कोण कोणाला किती सूट देणार? 'आठ नंबर दिला' म्हणजे दुबळ्या खेळाडूने नऊऐवजी आठ नंबरचा चेंडू घातला तरी गेम त्याचा. नाहीतर एकवीस गेमच्या शर्यतीत चार गेम आधीच बहाल करायचे. ब्रेक कोणाचा, रॅक कोण लावणार, टेबल कोणते, यावर तास जातो. जाणकार सांगतात, की निम्मी मॅच इथेच जिंकली किंवा हरली जाते. सौदा पटला की दोन्हीकडच्या नोटा सगळ्यांदेखत मोजल्या जातात आणि टेबलावर लोंबणाऱ्या दिव्याच्या शेडवर ठेवल्या जातात. शेवटचा चेंडू पडेपर्यंत त्या तिथेच असतात. जिंकणाऱ्याने हात वर करायचा आणि उचलायच्या. उधारीचे नाव नाही.

म्हणजे पैसे मिळण्याची शंभर टक्के खात्री. खात्री नसते ती खेळाची.

कारण वाटणीचे गणितच विचित्र आहे. समजा, दोन्ही बाजूंनी पाच-पाच हजार डॉलर लावले. आपला खेळाडू जिंकला तर त्याच्या वाट्याला अडीच हजार येतात. हरला तर त्याचे स्वतःचे काहीच जात नाही. आता समोरचा माणूस स्वतःच्या पैशाने खेळत असेल आणि दोघांनी आधीच संगनमत केले, तर हरण्याच्या मोबदल्यात शेठच्या पाच हजारांतले निम्मे, म्हणजे पुन्हा अडीच हजारच, हाती येतात. बरोबरीच्या लढतीत इमानाने खेळून ही रक्कम मिळण्याची शक्यता निम्मी. बेइमानी केली तर ती घरपोच. या प्रकाराला तिथे 'डंप' म्हणतात. मॅचभोवती बसलेल्यांच्या बाजूच्या पैजा त्यात मिसळल्या की रक्कम आणखी फुगते. सिद्ध करणे जवळजवळ अशक्य. नऊ नंबरचा चेंडू खिशाच्या ओठावर थडकून बाहेर राहिला, तर हात कापला की नियत फिरली, हे कोणता पंच सांगणार? त्यामुळे शेठ कायम संशयात आणि खेळाडू कायम मिंधा.

डेव्हिड मॅककंबर या अमेरिकी पत्रकाराने नव्वदच्या दशकात हा धंदा आतून पाहायचे ठरवले. २७ हजार डॉलरची गंगाजळी घेऊन तो टोनी अॅनिगोनी या खेळाडूचा स्वतःच शेठ झाला आणि दोघे देशभर हिंडले. १९९६ मध्ये आलेल्या त्याच्या 'प्लेइंग ऑफ द रेल' या पुस्तकात चमकदार फटके आहेतच; पण मनावर ठसते ती वणवण, वाट पाहणे, आणि समोरचा खरेच कच्चा आहे की हातचे राखून खेळतोय याचा अखंड अंदाज.

हातचे राखून खेळणे हा तर या व्यवसायाचा पायाच. क्रिकेटपटूला नाव झाले की भाव चढतो. पैशाच्या पूलमध्ये नाव झाले की भाव पडतो, कारण ओळखीच्या वाघाशी कोण पैज लावील? कित्येक पट्टीचे खेळाडू मुद्दाम स्पर्धांपासून दूर राहिले. फोटो छापून आला तर पुढच्या गावात कोणी टेबलाशी उभे करणार नाही, ही भीती. याचे सगळ्यांत गाजलेले उदाहरण एफ्रेन रेयेस. मनिलात काकांच्या पूल हॉलमध्ये वाढलेला, रात्री टेबलावरच झोपणारा हा मुलगा पुढे अनेकांच्या मते या खेळातला सर्वश्रेष्ठ ठरला. १९८५ मध्ये तो अमेरिकेत आला तेव्हा नाव कानावर पडलेले लोक होते, चेहरा ओळखणारे फारसे नव्हते. ह्यूस्टनमधल्या 'रेड्स' या हॉलच्या स्पर्धेत तो 'सेझार मोरालेस' म्हणून उतरला आणि जिंकून गेला. चाहते हा किस्सा अजून कौतुकाने सांगतात. कौतुक आहेच. पण जगातल्या सर्वोत्तम खेळाडूला पोटासाठी खोटे नाव घ्यावे लागते, तो खेळ कोणत्या पायावर उभा आहे, हा प्रश्न त्या कौतुकात हरवतो.

फिलिपिन्समध्ये हा शेठ निराळ्या रूपात दिसतो. अॅरिस्टिओ पुयात यांनी रेयेस आणि फ्रान्सिस्को बुस्टामान्टे यांना सांभाळले. पेरी मारियानो यांनी डेनिस ऑर्कोलोसारख्यांच्या पाठीशी पैसा उभा केला. विमानाचे तिकीट, हॉटेल, प्रवेशशुल्क, शिवाय पैशाच्या लढतींचे भांडवल. बदल्यात बक्षिसातला वाटा. सरकार आणि संघटना जे करू शकत नव्हत्या ते या मंडळींनी केले. जगातल्या अव्वल पूल खेळाडूंची एवढी मोठी फळी त्या देशातून निघाली, त्यात या आश्रयाचा वाटा नाकारता येत नाही.

जुगाऱ्यांनी स्पर्धाही भरवल्या. इलिनॉयमधल्या जॉन्स्टन सिटी या लहानशा गावात जॉर्ज आणि पॉली जान्स्को या भावांनी १९६१ मध्ये हसलर मंडळींचा मेळावा सुरू केला. दिवसा स्पर्धा, रात्री खऱ्या पैशांच्या लढती. टीव्हीचे कॅमेरे तिथपर्यंत पोहोचले. १९७२ मध्ये फेडरल अधिकाऱ्यांचा छापा पडला आणि मेळावा संपला. त्याच १९६१ मध्ये पॉल न्यूमनचा 'द हसलर' हा चित्रपट आला. त्यातला खरा खलनायक नायकाचा प्रतिस्पर्धी 'मिनेसोटा फॅट्स' नव्हे. जॉर्ज सी. स्कॉटने रंगवलेला, खेळाडूच्या कमाईतला सिंहाचा वाटा मागणारा शेठ हाच तो खलनायक. वॉल्टर टेव्हिसची कादंबरी १९५९ ची. पण शेठ-खेळाडू नात्यातली मिंधेपणाची चीड त्यात जितकी नेमकी आली आहे, तितकी नंतरच्या बातम्यांतही क्वचित येते. रुडॉल्फ वांडरोन नावाच्या बोलघेवड्या जुगाऱ्याने 'मिनेसोटा फॅट्स' हे पात्राचे नावच स्वतःला लावून घेतले आणि आयुष्यभर त्यावर कमावले. १९७८ मध्ये टीव्हीवरच्या लढतीत विली मॉस्कोनीने त्याला सहज हरवले. मॉस्कोनी सरळमार्गी, अनेकदा जगज्जेता. लोकांना मात्र फॅट्सची बडबड आवडली. पूलची प्रतिमा जुगाराने डागाळली असे म्हणणाऱ्यांनी हेही मान्य करावे, की तिकिटेही बरीचशी त्याच प्रतिमेने खपवली.

आता दुसरी बाजू.

१९८६ च्या 'द कलर ऑफ मनी' या चित्रपटाने पूलची लाट आली. त्या लाटेवर नव्वदच्या दशकात कॅमल या सिगारेटच्या नावाने व्यावसायिक मालिका उभी राहिली. तंबाखूचा पैसा गेला तशी तीही गेली. अमेरिकेतली सर्वांत मानाची यूएस ओपन ही नाइनबॉलची स्पर्धा बॅरी बेहरमन यांनी १९७६ मध्ये व्हर्जिनियात सुरू केली आणि मरेपर्यंत निष्ठेने चालवली, पण बक्षिसांचे धनादेश उशिरा वटण्याची तक्रार तिथे इतकी वाढली, की २०११ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने रक्कम आधी तिऱ्हाइताकडे जमा करण्याचा आग्रह धरला. तो मान्य झाला नाही, तेव्हा काही आघाडीचे खेळाडू स्पर्धेकडे फिरकलेच नाहीत.

आणि मग केव्हिन ट्रूडो. टीव्हीवरच्या जाहिरातींतून घरगुती उपचारांची पुस्तके विकणारा हा गृहस्थ २००५ मध्ये 'इंटरनॅशनल पूल टूर' घेऊन अवतरला. खेळाडूंना टायकोट, झगमगाट आणि आकडे असे, की पूलमध्ये कोणी ऐकले नव्हते. सप्टेंबर २००६ मध्ये नेवाडातल्या रीनो इथे एकूण ३० लाख डॉलरची स्पर्धा झाली. रेयेसने अंतिम फेरीत रॉडनी मॉरिसला हरवले. पहिले बक्षीस पाच लाख डॉलर. टाळ्या झाल्या, फोटो निघाले आणि पैसे मात्र निघाले नाहीत. ऑनलाइन जुगाराच्या एका कंपनीकडून येणाऱ्या भांडवलावर सगळी भिस्त होती. ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरच्या जुगाराविरुद्धचा कायदा झाला, ते भांडवल आले नाही आणि विजेत्यांना हप्त्यांची भाषा ऐकवण्यात आली. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. ट्रूडोला २०१४ मध्ये दहा वर्षांची कैद झाली, ती या प्रकरणात नव्हे; पुस्तकाच्या जाहिरातींबद्दल दिलेला न्यायालयाचा आदेश मोडल्यामुळे. खोटे नाव घेऊन खेळणाऱ्या रेयेसला ह्यूस्टनच्या जुगाऱ्यांनी रोख पैसे दिले होते. खऱ्या नावाने, टायकोट घालून जिंकल्यावर त्याला थांबावे लागले.

स्नूकरचे लोक या गोंधळाकडे नाक मुरडून पाहत असत. त्यांचा धडा वेगळ्या वाटेने आला. जागतिक स्नूकर स्पर्धेचे नाव १९७६ ते २००५ एम्बसी या सिगारेटशी जोडलेले होते. तंबाखूच्या जाहिरातींवर निर्बंध आले आणि २००६ मध्ये सट्टेबाजीची कंपनी आली, २००९ मध्ये बेटफ्रेड. पूलच्या मॉस्कोनी कपलाही एकेकाळी पोकरच्या कंपनीचे नाव होते. हा शेठ एका खेळाडूवर पैसे लावत नाही, लाखो लोकांना लावायला सांगतो. जून २०२३ मध्ये दहा चिनी स्नूकरपटूंवर निकाल ठरवल्याच्या प्रकरणात बंदी आली. लिआंग वेनबो आणि ली हांग या दोघांवर आजन्म. ज्येष्ठांनी तरण्या पोरांना त्यात ओढल्याचे चौकशीत निघाले. घरापासून हजारो मैलांवर, तुटपुंज्या कमाईवर सराव करणारी ही मुले. त्यांतलाच झाओ शिनटोंग वीस महिन्यांची बंदी भोगून परतला आणि २०२५ चा जगज्जेता झाला, म्हणजे गुणवत्तेचा दुष्काळ नव्हताच.

यातून घ्यायचे ते एवढेच: शेठ कोण आहे, यापेक्षा तळातल्या खेळाडूचे पोट कशावर चालते, हा प्रश्न मोठा. भारताचे उदाहरण इथे खरेच उपयोगी पडते, कारण काठीच्या खेळांशी आपले नाते जुने आहे. स्नूकरचा जन्म १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमधला, आणि तो ज्या 'ब्लॅक पूल'मधून निघाला, तो अधिकाऱ्यांचा पैसे लावून खेळायचा खेळ होता. अमेरिकेत स्पर्धेआधी खेळाडूंचा लिलाव करून बोली लावणाऱ्यांत रक्कम वाटायची जी पद्धत आहे, तिला आजही 'कॅलकटा' म्हणतात. साहेबांच्या कोलकात्यातल्या शर्यतींची ती देणगी. पण स्वतंत्र भारतातला खेळ निराळ्या वाटेने वाढला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, मुंबईचे मायकेल फरेरा १९७७ मध्ये. त्यांच्यामागे जिमखान्यांची टेबले होती. पुढच्या पिढीला सार्वजनिक कंपन्यांच्या नोकऱ्या मिळाल्या: जन्माने पुणेकर पंकज अडवाणी ओएनजीसीत, २०१३ मध्ये दिल्लीच्या इंडियन ओपनची अंतिम फेरी गाठणारा मुंबईचा आदित्य मेहता पेट्रोलियम कंपन्यांच्या क्रीडा मंडळाकडून. महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होतो, मॅच हरली तरी. यात थरार नाही, व्यावसायिक मालिकाही यातून उभी राहिली नाही; पण डंप करायचे कारणही उरले नाही. गल्लीतल्या पूल पार्लरमध्ये हरणाऱ्याने टेबलाचे भाडे भरायचे, एवढीच बहुतेकांची पैज.

अमेरिकेत किंवा मनिलात सरकारी तेल कंपनी पूलपटूला नोकरी देणार नाही. तिथला मार्ग तिथेच शोधावा लागेल आणि त्याच्या काही खुणा दिसतातही. फार्गोरेट या मानांकनात आता जगभरच्या लाखो गेमचे निकाल साठतात. आठशेच्या पुढचा खेळाडू कच्चा असल्याचे सोंग आणू शकत नाही. 'द अॅक्शन रिपोर्ट' या मंडळींनी पैशाच्या लढती इंटरनेटवर दाखवायला सुरुवात केली: शंभर गेमची शर्यत, तीन रात्री, सगळे कॅमेऱ्यासमोर. शेन व्हॅन बोइनिंगसारखे जगज्जेते त्यात उतरले. त्याही आधी, १९९६ मध्ये हाँगकाँगला रेयेस आणि अर्ल स्ट्रिकलँड यांच्यात १२० गेमची शर्यत झाली. एक लाख डॉलर, सगळे जिंकणाऱ्याचे. रेयेस १२०-११७ ने जिंकला. असा ताण कुठल्याही साखळी स्पर्धेत सापडत नाही. उजेडात आलेली पैज खेळाला मारक नसते, अंधारातली असते.

म्हणून जागतिक अजिंक्यपदाच्या सध्याच्या व्यवस्थापकांकडे, मॅचरूम या कंपनीकडे, नीतीची प्रवचने मागण्यात अर्थ नाही. मागायच्या त्या साध्या गोष्टी. पहिला ब्रेक फुटण्याआधी बक्षिसाची सगळी रक्कम तिऱ्हाइताच्या खात्यात असावी आणि तसे जाहीर व्हावे. खेळाडू आणि शेठ यांचा करार कागदावर यावा, मालिकेकडे नोंदला जावा. एका शेठचे दोन खेळाडू समोरासमोर आले तर प्रेक्षकालाही ते कळावे. प्रतिस्पर्ध्यावर पैसे लावणारा खेळाडू स्पर्धेतून बाद व्हावा. स्वतःच्या विजयावर लावणाऱ्याला मात्र त्याच मापाने मोजू नये. आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला निदान तिकिटाचा खर्च मिळावा. डंपच्या गणितातला अडीच हजारांचा मोह तिथेच बराच कमी होतो.

मॅचरूमने जागतिक बक्षीस चौपट केले, हे निर्विवाद. तरी जागतिक संघटनेशी त्यांचा झगडा चालू असताना, मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळलात तर निलंबन, अशी टांगती तलवार खेळाडूंनी सोसली आहे. सौदी पैसा एकाच हातातून येतो; तो हात मागे घेतला गेला तर काय, याचे उत्तर कॅमलच्या आणि ट्रूडोच्या काळातही कोणाकडे नव्हते. खेळाडूंनी तरी आपला दुसरा उंबरठा सोडलेला नाही. दर जानेवारीत लुईव्हिलजवळच्या कॅसिनोत 'डर्बी सिटी क्लासिक' भरते; स्पर्धा १९९९ पासूनची. जगातले नामवंत दिवसा तिथे स्पर्धा खेळतात आणि स्पर्धेची टेबले रिकामी झाली की पहाटेपर्यंत कोणी कोणाला किती सूट द्यायची याची घासाघीस चालू असते.